विश्वस्त मंडळ सर्जनला ठरावीक ऑपरेशन करण्यापासून थांबवू शकतं का?

फोंड्याची लेखापाल:
इथल्या एका लहान धर्मादाय इस्पितळाची मी विश्वस्त आहे. बाहेरून येणारे एक सर्जन पित्ताशयाची दुर्बिणीतून ऑपरेशनं करतात. गुंतागुंत होऊन दोन रुग्णांना बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) हलवावं लागलं. डॉक्टरांच्या समितीने लेखी शिफारस केलीय की तूर्त त्यांनी ही ऑपरेशनं करू नयेत. डॉक्टर म्हणतात, "माझी नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे आहे, तुम्ही कोण अडवणार?" आम्हा बिनडॉक्टर लोकांना हा अधिकार आहे का?

निवृत्त सुपरिटेंडेंट, डिचोली:
आहे, ताई. नोंदणीने वैद्यकी करायची मुभा मिळते. तुमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटी) कोणतं ऑपरेशन करायचं, ते इस्पितळ ठरवतं. एनएबीएच या इस्पितळांच्या दर्जाच्या मानांकनातही प्रत्येक डॉक्टरचे असे प्रिव्हिलेज, म्हणजे काय काय करायची परवानगी आहे ते, ठरवून द्यावे लागतात. आणि जबाबदारी तुम्हाला झटकता येत नाही. सविता गर्ग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली स्पष्ट केलं की डॉक्टर पगारी असो वा व्हिजिटिंग, इस्पितळ उत्तरदायी आहे.

अमेरिकेत हे 1965 च्या डार्लिंग खटल्यात ठरलं. फुटबॉल खेळताना पाय मोडलेल्या मुलाचं प्लास्टर घट्ट बसलं, बोटं काळवंडली, शेवटी पाय कापावा लागला. इलिनॉयच्या न्यायालयाने इस्पितळालाही जबाबदार धरलं. तिथे डॉक्टरांची समिती शिफारस करते, अंतिम निर्णय मंडळाचा.

पण ऑपरेशन बरोबर झालं की चूक, हे तुम्ही ठरवू नका. त्याच विषयाच्या बाहेरच्या सर्जनकडून केसपेपर तपासून घ्या. डॉक्टरांना आक्षेप लेखी द्या, उत्तराला वेळ द्या, समोर बसवून ऐका. त्यांच्या जाण्याने ज्याची प्रॅक्टिस वाढेल, तो समितीत नको. हे मी फार कळकळीने सांगतो. अशा चौकशीच्या नावाखाली चांगल्या डॉक्टरांचा काटा काढलेला मी पाहिलाय.

ओटी सिस्टर, म्हापसा:
निर्णय ओटीपर्यंत पोचवा हो! आमच्याकडे तो फायलीतच राहिला आणि केस नेहमीसारखी बुक झाली. ऐनवेळी सिस्टरने सर्जनला कसं अडवायचं? कोणाला काय करायची परवानगी आहे, ती यादी बुकिंगच्या टेबलावर हवी.

फोंड्याची लेखापाल:
देव बरे करो दोघांचं. नेमणूकपत्रात "संस्थेचे नियम लागू" एवढंच आहे, नियम मात्र कुठेच लिहिलेले नाहीत. ते आधी करून घेते. पण ज्यांना तारखा दिल्यात, त्या रुग्णांचं काय?

निवृत्त सुपरिटेंडेंट, डिचोली:
समितीला धोका वाटत असेल तर चौकशी होईपर्यंत तात्पुरती स्थगिती द्या आणि सुनावणी लगेच लावा. रुग्णांना आजच फोन करून दुसऱ्या सर्जनची किंवा गोमेकॉची सोय करून द्या. डॉक्टरांवरचे आक्षेप मात्र रुग्णांना सांगू नका, ते अजून सिद्ध झालेले नाहीत.