नव्या गाडीचा ब्रेक वाजतोय (सोसायटी ग्रुप, पर्वरी)

रविवार

बी-२०३, सकाळी ८.१०
नमस्कार. जरा मदत हवी होती. आमची गाडी पाच महिन्यांची, ६,२०० किलोमीटर झालेत. आठ दिवसांपासून ब्रेक वाजतोय. शोरूमला दाखवली तर म्हणाले, "पावसात वाजतोच, नॉर्मल आहे." पण गणपतीची चवथ झाली की चोर्ला घाटातून बेळगावला जायचंय, बरोबर दोन्ही मुलं. नॉर्मल म्हटलं तरी जिवाला घोर लागलाय.

ए-१०४, ८.१४
आमचीही सकाळी खरखरते भावजी. गेटबाहेर पडेपर्यंतच, मग गप्प.

डी-३०१, ८.२०
आमची इलेक्ट्रिक, तिचं तर जास्तच. ती मोटरवरच हळू होते, ब्रेक फारसा लागतच नाही. त्यामुळे डिस्कवरचा, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकडीवरचा, गंज घासलाच जात नाही. मी मागे गाडी नसताना दोन-चार वेळा मुद्दाम ब्रेक दाबून घेतो.

ए-२०२, ८.२६
थोडं तेल मारून बघा. फवारायचा डबा आहे माझ्याकडे, आमच्या गेटची बिजागरी त्यानेच गप्प झाली.

सी-१०१, ८.२७
नको! ब्रेकला तेल अजिबात नको. डिस्कला दाबून धरणारा पॅड तेल पितो आणि मग गाडी थांबत नाही. कुणीही करू नका हे.

ए-२०२, ८.२८
बरं झालं काका सांगितलंत. मला खरंच माहीत नव्हतं.

सी-१०१, ८.४१
बी-२०३, "वाजतो" एवढ्यावरून मलाच काय, कुठल्याच मेकॅनिकला काही कळायचं नाही. तीस वर्षं कदंब बसच्या वर्कशॉपात काढली, ड्रायव्हर येऊन एवढंच सांगायचा आणि आम्ही अर्धा दिवस शोधत बसायचो. खरखर की किर्र? ब्रेक दाबल्यावर येतो की न दाबता? दाबला की वाढतो की थांबतो? फक्त सकाळी की दिवसभर? वळणावर बदलतो का? एवढं सांग.

बी-२०३, ९.०५
सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर, ती जाते. मग वीसेक मिनिटांनी बारीक किर्र सुरू होते, शिट्टीसारखी. ब्रेक न दाबता. आणि काका, आत्ता लक्षात आलं, पाय हलका ठेवला की ती थांबते! पाय काढला की परत.

ए-१०४, ९.०९
डावीकडून येते का? परवा तुम्ही पार्किंगमध्ये शिरताना मी जिन्यात उभी होते, तेव्हा ऐकली.

बी-२०३, ९.१०
हो वहिनी, डावीकडूनच.

सी-१०१, ९.३२
मग हे दोन वेगळे आवाज आहेत. शोरूमवाल्याने पहिला ऐकला आणि दुसऱ्यालाही तेच उत्तर दिलं.

सकाळची खरखर म्हणजे गंज. डिस्क बिडाची असते. रात्रभर ओल बसली की तिच्यावर तांबूस थर चढतो, त्यात आपली खारी हवा. दोन-तीन ब्रेकला पॅड तो पुसून टाकतो. त्याला औषध लागत नाही.

किर्र मात्र वेगळी. न दाबता वाजतंय म्हणजे पॅड डिस्कला टेकलेलाच आहे. दाबलास की घट्ट बसतो, थरथर थांबते, आवाज बंद. सोडलास की मागे सरायला हवा, तो सरत नाही. पॅड धरणारा कॅलिपर दोन गाईड पिनांवर मागेपुढे सरकतो. पिनेचं ग्रीस सुकलं, नाहीतर रबरी टोपी फाटून आत पाणी गेलं, की पिन जाम. नव्या गाडीतही होतं. कधीकधी डिस्कमागच्या पत्र्यात खडा अडकतो, आपल्याकडे रस्त्याच्या कामाची खडी किती पडलीय बघतोसच. पण खडा कर्रकर्र करतो, चाकाच्या फेऱ्याबरोबर, आणि ब्रेक दाबून थांबत नाही.

आता एक कर. पाऊस नसताना सुकूरच्या बाजूने सात-आठ किलोमीटर जाऊन ये, ब्रेक जेमतेम वापर. परत आलास की पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळवा धर. डिस्कला हात लावू नको, भाजेल.

बी-२०३, दुपारी १२.१८
जाऊन आलो. उजवं कोमट. डाव्याजवळ हात धरवत नाही, आणि जळका वास येतोय. रिमवर काळी भुकटीही डावीकडेच जास्त आहे.

सी-१०१, १२.२०
सापडलं. आता ही गाडी घाटात न्यायची नाही. चोर्ल्याच्या उतारावर आधीच तापलेला ब्रेक आणखी तापला तर पेडल मऊ पडतं, ब्रेक नीट लागत नाही. उद्याच दाखव. "ब्रेक वाजतो" असं लिहून घेऊ नको. जॉब कार्डवर, म्हणजे शोरूमच्या कामाच्या कागदावर, लिहायला लाव: पुढचं डावं चाक गरम होतं, ब्रेक न दाबता किर्र येते, दाबल्यावर थांबते. आणि मेकॅनिकला शेजारी बसवून वीस मिनिटं गाडी फिरव. दोन मिनिटांच्या फेरीत हे वाजणारच नाही.

ए-३०३, १२.३१
मधेच विचारते, आज टाकी धुणार होते ना? पाणी कधी येणार?

डी-३०१, १२.३३
चारनंतर.

सोमवार

बी-२०३, संध्याकाळी ६.५०
काका, तुम्ही म्हणालात तेच! डाव्या कॅलिपरची खालची पिन जाम होती. माझ्यासमोर काढली, ग्रीसच्या जागी तपकिरी चिखल. आतला पॅड ५ मिलिमीटर उरला होता, बाहेरचा ९. सहा हजार किलोमीटरमध्ये! आधी म्हणाले, पॅड झिजणारी वस्तू, वॉरंटीत बसत नाही.

सी-१०१, ६.५३
पॅड स्वतःहून झिजला नाही, पिनेने झिजवला. हे बोललास ना?

बी-२०३, ६.५५
हेच बोललो, जॉब कार्ड पुढे ठेवून. मॅनेजरना बोलावलं, त्यांनी मान्य केलं. नवी पिन, नवी टोपी, दोन्ही चाकांचे पॅड, सगळं वॉरंटीत. येताना काच खाली करून आलो, काही आवाज नाही. तुमचे उपकार विसरणार नाही.

सी-१०१, ७.०२
उपकार कसले. उजव्या कॅलिपरच्या पिना काढून बघितल्या का?

बी-२०३, ७.०४
नाही. तिथे फक्त पॅड बदलले.

सी-१०१, ७.०६
मग परत ने. दोन्ही बाजूंना एकाच वेळी एकच ग्रीस लागलेलं असणार. उघडायला लाव, समोर उभा राहा. नवे पॅड आहेत, पहिले दोनेकशे किलोमीटर कचकन ब्रेक मारू नको, बसू देत. घाट त्यानंतर.

बी-२०३, ७.०७
उद्या नऊला नेतो.

ए-१०४, ७.१०
मग मुलांना मी शाळेत सोडते. साडेसातला खाली पाठवा, रेनकोट घालून.