अस्वलाचे फोटो: आधी वारूळ शोधा
गाईड घेऊन आंबोली-चौकुळच्या जंगलात गेलं तर अस्वलाचे फोटो मिळतील का, असं एकाने विचारलंय. मिळू शकतात, पण खात्री देणाऱ्या गाईडबरोबर जाऊच नका. जाणता स्थानिक वाटाड्या आधी वारूळ दाखवतो: ताजी उकरलेली माती, लांब नखांचे ओरखडे. अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, आणि तो आवाज बराच लांबून ऐकू येतो. करवंदं-जांभळं पिकली की तिथेही नजर ठेवा.

एक मात्र कळकळीने सांगतो. अस्वलाचं नाक तिखट, नजर अधू. जाळीत अवचित समोर आलात तर सरळ अंगावर येतं. त्यामुळे दाट झाडीतून बोलत चला, फ्लॅश नको, आणि पाठीवर पिल्लं घेतलेली मादी दिसली तर फोटो राहू दे, मागे फिरा.