मदत हवी आहे: सिकलसेल तपासणीनंतरचे तर्कवितर्क कसे रोखायचे?

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागात एका पाड्यावर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी ठरली आहे. अडचण तपासणीची नाही, नंतरच्या कुजबुजीची आहे. दुसऱ्यांदा रक्त द्यायला कोणाला बोलावलं, एवढ्यावरून ‘त्या घरात सिकल आहे’ असं ठरवून टाकतात आणि पोरीची सोयरीक अडते.

सोल्युबिलिटी ही पहिली, प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली तरी माणूस वाहक (आजाराचं जनुक एकाच पालकाकडून आलेला) की रुग्ण हे कळत नाही. त्यासाठी पुन्हा रक्त घेऊन प्रयोगशाळेत इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनची तपासणी लागते. पिवळे डोळे, सांधेदुखी यावरून तर काहीच ठरत नाही. वाहक सहसा ठणठणीत असतो. नवरा-बायको दोघं वाहक असले तर प्रत्येक वेळी मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. हे सभेत चित्रं दाखवून सांगितलं आहे, लोकांना पटतंही, पण नावं घ्यायचं थांबत नाही.

नाव पुकारण्याऐवजी नंबरची चिठ्ठी दिली, ते जमलं. बंद पाकिटातला निकाल मात्र फसला: वाचता न येणारे तो शेजाऱ्याकडूनच वाचून घेतात. निकालाप्रमाणे दिलेल्या कार्डाचा रंगही लांबून ओळखू येतो.

फेरतपासणीला सगळ्यांना बोलावणं शक्य नाही. आशाताई गावातल्याच आहेत, म्हणून काही घरं त्यांच्याशी बोलत नाहीत. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, त्याआधी निकाल पोचायला हवा. बोलणं पावरीत, म्हणजे इथल्या आदिवासी बोलीतच लागेल.

नंदुरबार-धुळ्याकडे हे काम केलेल्यांनी सांगावं: दुसऱ्या नमुन्यासाठी शेजाऱ्यांना सुगावा न लागता कसं बोलावता, आणि निकाल घरात नेमकं कोण, कोणाला सांगतं?