मदत हवी आहे: जास्वंदीचा आइस्ड टी लाल होतच नाही, शनिवारी ३० माणसं आहेत

रानजाई (मंगळवार, रात्री ९:४०)
घरी फळं घालून हर्बल आइस्ड टी करतेय. दोनदा केला, दोन्ही वेळा ओतून द्यावा लागला. लालभडक यायला हवा, तर जांभळट-राखाडी येतो, भांडी विसळलेल्या पाण्यासारखा. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला की गढूळ होतो आणि सकाळी कडू लागतो. फुलं, फळं, लिंबू, पुदिना सगळं नीट घातलंय, व्यवस्थित उकळलंय. ऑफिसजवळच्या कॅफेत मिळतो तो माणकासारखा लाल असतो आणि मस्त आंबटगोड. मला अगदी तसाच हवाय. शनिवारी ३० माणसं आहेत. नक्की प्रमाण सांगा. खायचा रंग घाला असं कृपया सुचवू नका.

नागपुरी_संत्रं (९:५२)
कोणती फुलं? ताजी की वाळवलेली? किती पाण्याला किती? किती वेळ उकळलं? यातलं काहीच लिहिलं नाहीये, प्रमाण कशावरून सांगायचं?

तांबट_आळी (९:५८)
पातेलं कशाचं आहे?

कोकणकडा (१०:०५)
ताई, फुलांच्या मागे लागूच नका. मीठ न लावलेली २५-३० आमसुलं लिटरभर कोमट पाण्यात दोन तास भिजवा, हाताने कुस्करा, गाळा. साखरेचा पाक, चिमूटभर जिरेपूड. रंग कधीही दगा देत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुणा उंबऱ्यात आला की आधी हेच हातात देतात, चहाचं मागाहून विचारतात. बाहेरच्या फॅशनचं पेय करण्यापेक्षा आपल्या मातीतलं द्या.

रानजाई (१०:२०)
कोकम सरबत प्रत्येक कार्यक्रमात असतं हो, मला हाच करायचाय.
फुलं आमच्याच दारातली, लाल जास्वंद, पंख्याखाली वाळवलेली. दोन मुठी, ३ लिटर पाणी. लिंबाच्या चकत्या, पुदिना, सफरचंद आणि अननस असं सगळं एकत्र १५ मिनिटं उकळलं आणि गार झाल्यावर तसंच फ्रिजमध्ये ठेवलं. दोन चमचे चहापत्तीही होती, नाहीतर चहाची चव कुठून येणार?

नागपुरी_संत्रं (१०:३८)
सापडलं. कॅफेतला लाल चहा दारातल्या जास्वंदीचा नसतो. तो असतो अंबाडीच्या बोंडांचा. पाकिटावर नुसतं हिबिस्कस लिहिलेलं असतं, म्हणून सगळ्यांना जास्वंद वाटते. दोन्ही एकाच कुळातल्या, पण अंबाडी म्हणजे हिबिस्कस सबडारिफा आणि आपली पूजेची जास्वंद म्हणजे हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. जास्वंदीच्या पाकळीला स्वतःचा आंबटपणा जवळजवळ नाहीच. उकळली की पाणी जांभळट आणि जरासं बुळबुळीत होतं. अंबाडीचं बोंड मुळातच आंबट, त्यामुळे पाण्यात पडलं की लाल.

माझं आजोळ वर्ध्याकडचं. डिसेंबरात अंबाडी तयार झाली की आम्हा मुलांना अंगणात गोलाने बसवायचे. बोंडाच्या बुडाशी चाकूचं टोक फिरवायचं आणि आतली हिरवी बी अंगठ्याने वर ढकलून काढायची. हातात उरतं ते लाल टोपडं. तेच पोत्यावर पसरून वाळवायचं. चार दिवस नखांचा रंग जात नसे. आजी त्याचं सरबत करायची, चटणीही करायची. तूही तीच वाळलेली बोंडं आण. लिटरला १० ते १२ ग्रॅम पुरतात.

मांडवीकाठ (१०:४५)
आमच्या गोव्यात आंबाडे चवथीला मिळतात, त्यांची उडीदमेथी करतात. पण ती हिरवी फळं असतात, आत मोठी बाठ. त्यांचा लाल चहा होईल असं वाटत नाही.

नागपुरी_संत्रं (१०:४९)
ते आंबाडे वेगळे, झाडाला लागणारे. मी म्हणतोय ती अंबाडी, जिच्या पाल्याची भाजी होते आणि जिच्या खोडापासून वाख काढतात.

वाळवंटी_हिरवळ (११:१०)
दुबईत आमच्या शेजारी इजिप्तचं कुटुंब आहे. ते याला करकदे म्हणतात. त्यांच्याकडे कुणीही गेलं की गार करकदेचा पेला पुढे येतो. मेक्सिकोतही हेच बोंड पाण्यात काढून साखर घालून थंड पितात, त्याला आग्वा दे हमायका म्हणतात. नागपुरीभाऊंचं अगदी बरोबर आहे, बोंडच हवं.

आप्पा६२ (बुधवार, सकाळी ६:३०)
एक मूलभूत मुद्दा. चहा म्हणजे चहाच्या झुडपाचं पान. जास्वंद, अंबाडी, गवती चहा, तुळस उकळली की तो काढा. शब्द सैल वापरले की असे घोटाळे होतात. या ताईंनी ‘टी’ या शब्दामुळेच त्यात चहापत्ती घातली ना? आणि आइस्ड टीचा शोध १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या प्रदर्शनात लागला.

वाळवंटी_हिरवळ (७:१५)
आप्पा, तिथे तो गाजला, शोध तिथला नाही. १८७९ साली छापलेल्या, व्हर्जिनियातल्या पाककृतींच्या पुस्तकात थंड चहाची कृती आहे. काढ्याबद्दल मात्र सहमत.

म्युनिककर (१२:४०)
जर्मनीत दुकानात आख्खी मांडणी फळांच्या चहाने भरलेली असते. फ्र्युश्टेटे म्हणतात. साहित्य वाचलं तर बहुतेकांत हीच अंबाडी, जोडीला वाळलेलं सफरचंद, गुलाबाची फळं, संत्र्याची साल. म्हणजे पीच असो की स्ट्रॉबेरी, लाल रंग बराचसा अंबाडीचाच. उकळू नका ताई. उकळतं पाणी बोंडांवर ओता, झाकण ठेवा, ८-१० मिनिटांत गाळा. फळं गाळून गार झालेल्या चहात घाला. फळं उकळली की त्यातलं पेक्टिन सुटतं आणि पेय गढूळ होतं.

निवांत_रविवार (१:०५)
आग लावायचीच कशाला? बोंडं थंड पाण्यात घालून फ्रिजमध्ये ८ तास ठेवा. कडूपणा अजिबात येत नाही. मी दोन वर्षं असाच करतेय, गरम पद्धतीकडे परत जावंसं वाटलं नाही. नाहीतर काचेच्या बरणीत घालून गच्चीवर उन्हात ठेवा, तेही छान होतं.

म्युनिककर (१:३०)
चवीबद्दल वाद नाही, पण ३० माणसांसाठी हे करू नका. वाळलेल्या वनस्पतींवर धूळ असते, जंतू असतात. इथल्या पाकिटांवर स्पष्ट छापलेलं असतं की खळखळतं पाणीच वापरा आणि किमान ५ ते १० मिनिटं मुरू द्या, तरच पेय सुरक्षित. उन्हातली बरणी तर सगळ्यात वाईट. पाणी कोमट होतं, जंतू मरत नाहीत, वाढतात.

निवांत_रविवार (१:४४)
मला दोन वर्षांत काही झालं नाही. फ्रिजमधलं पाणी आणि उन्हातलं पाणी एकाच मापात मोजू नका. उन्हाचं मागे घेते, फ्रिजचं नाही.

रसायनवाला (सायंकाळी ६:२०)
एक विचारायचं राहिलं. पाणी कुठलं वापरता?

रानजाई (७:०५)
पाणी नेहमीचंच, स्वयंपाकघरातल्या नळाचं. वाघोलीत राहतो, सोसायटीत टँकरचं आणि बोअरचं पाणी येतं. फिल्टरचं पाणी एवढं कुठून आणणार? उकळतेय ना मी.

रसायनवाला (७:३०)
मग हे करून बघा. दोन काचेचे पेले घ्या. एकात फिल्टरचं गरम पाणी, दुसऱ्यात नळाचं. दोन्हीत तुमचीच जास्वंद, चार-चार पाकळ्या. पाच मिनिटांनी रंग बघा, मग दोन्हीत लिंबू पिळा आणि इथे लिहा.

रानजाई (८:१५)
केलं. फिल्टरच्या पाण्यात फिकट जांभळा. नळाच्या पाण्यात निळसर-राखाडी, तोच माझा रंग! फिल्टरच्या पेल्यात लिंबाचे तीन थेंब पडले आणि थेंब पडला तिथून गुलाबी रेघ खाली गेली, चमचा फिरवल्यावर पेला लालसर झाला. नळाच्या पेल्यात अर्धं लिंबू गेलं तेव्हा कुठे गुलाबी झालं. हे काय आहे?

रसायनवाला (८:४०)
या फुलांतला रंग अँथोसायनिन. आंबट द्रवात लाल, क्षारीकडे झुकलं की जांभळा-निळा. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतात आणि ते लिंबाची आंबटाई खाऊन टाकतात. उकळल्यावर उलट वाढतं, कारण पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पाणी आणखी क्षारी होतं. पातेल्याच्या कडेला पांढरा थर बसतो ना, तो त्याचाच. १५ मिनिटं उकळून तुम्ही रंग घालवत होता.

गढूळपणा मुख्यतः चहापत्तीचा. तिच्यातलं टॅनिन आणि कॅफिन गार होताना एकमेकांना धरतात आणि चहा दुधाळ दिसतो. भर उकळलेल्या फळांची. कडूपणा लिंबाच्या चकत्यांचा. साल आणि सालीखालचा पांढरा भाग रात्रभर पाण्यात राहिला की कडू उतरणारच. लिंबू फक्त रस काढून, सगळ्यात शेवटी.

तांबट_आळी (८:५२)
पातेल्याचं उत्तर अजून आलं नाही.

रानजाई (गुरुवार, सकाळी ९:१०)
मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात वाळलेली बोंडं मिळाली, पाव किलो घेतली! फिल्टरच्या पाण्यात कपभर करून बघितला, अगदी कॅफेसारखा. आता ३० जणांचं प्रमाण पटकन सांगा. आणि फळं कोणती? वहिनीला आंबटगोड खावंसं वाटतंय म्हणून तर हा घाट घातलाय. तिचंच डोहाळजेवण आहे, सातवा महिना.

सिस्टरताई (९:२५)
थांब गं. हे आधी सांगायला हवं होतंस. प्रसूतिगृहात २२ वर्षं काम केलंय म्हणून सांगते. वहिनीला हा चहा देऊ नकोस, अंबाडीचाही नको, जास्वंदीचाही नको. गरोदरपणात तो टाळायलाच सांगतात. माणसांवरचे पुरेसे अभ्यास नाहीत, आणि अशा वेळी धोका कशाला पत्करायचा? रक्तदाबाची गोळी घेणारे पाहुणे असतील त्यांनाही विचारून दे, या चहाने रक्तदाब थोडा उतरतो असं दिसलंय.

त्याहून महत्त्वाचं, बर्फ कुठून आणणार आहेस? टँकरच्या पाण्याचा नको, बाजारातली लादी तर मुळीच नको. दूषित पाण्यातून हेपॅटायटिस ई होतो. एरवी माणूस त्यातून बरा होतो, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या बाईच्या जिवावर बेततं. पाणी फिल्टर कर, वर उकळून गार कर आणि त्याचाच घरच्या ट्रेमध्ये बर्फ कर. आजपासून लावलास तर शनिवारपर्यंत पुरेल.

नागपुरी_संत्रं (९:५०)
बर्फाचं शंभर टक्के मान्य. पण आमच्याकडे गरोदर बायका अंबाडीची भाजी खातात, कुणी अडवत नाही.

सिस्टरताई (१०:०२)
पाल्याची वाटीभर भाजी वेगळी आणि बोंडांचा कडक अर्क पेलेच्या पेले वेगळा. भाजीबद्दल मी बोललेच नाही.

कोकणकडा (१०:१०)
आता तरी कोकमाचं ऐका.

रानजाई (१०:३०)
सिस्टरताई, हात गार पडले वाचून. बर्फवाल्याला आगाऊ पैसे दिले होते, आत्ता फोन करून रद्द केलं. आजच ट्रे लावते. कोकणकडा, माफ करा, तुमचंच करते. वहिनीच्या डॉक्टरांना विचारलं, साधं कोकम सरबत चालेल म्हणाल्या. सगळ्यांना मुख्य पेय तेच, अंबाडीचं एक छोटं भांडं वेगळं ठेवेन.

रसायनवाला (११:००)
माणशी २०० मिली धरले तर ६ लिटर. तिसरा हिस्सा बर्फ वितळून येतो, म्हणून मूळ पेय ४ लिटरच करा आणि नेहमीपेक्षा दीडपट दाट ठेवा. कोकणकडांच्या मापाने लिटरला ४० आमसुलं होतात. साखर गार पेयात लवकर विरघळत नाही, वाटीला वाटी पाणी घेऊन पाक वेगळा करा. अंबाडीचं दीड लिटर करणार असाल तर २५ ग्रॅम बोंडं, उकळतं पाणी ओतून १० मिनिटं. पुदिना चुरडू नका, तळहातावर एकदा थोपटा आणि वाढताना घाला.

तांबट_आळी (शुक्रवार, रात्री ८:००)
तिसऱ्यांदा विचारतोय, कारण कोकमही आंबटच. पातेलं कशाचं?

रानजाई (८:२०)
जर्मलचं. कार्यक्रमाला वापरतो ते मोठं.

तांबट_आळी (८:२६)
त्यात ठेवू नका. आंबट पदार्थ ॲल्युमिनियम खातो, चवीला धातूचा वास येतो, आणि अशा फुलांचा रंग ॲल्युमिनियममुळे निळ्याकडे जातो. तुमचा राखाडी रंग थोडा त्याचाही होता. बिनकल्हईचं तांबं-पितळही नको. स्टील किंवा काच.

रानजाई (रविवार, सकाळी ११:१५)
सगळ्यांचे मनापासून आभार. कोकम आईच्या स्टीलच्या पिंपात केलं, वर अननसाचे बारीक तुकडे आणि पुदिना. वहिनीने दोन पेले घेतले आणि रात्री झोपताना तिसरा मागितला. अंबाडीचं भांडं काचेचं होतं, खिडकीपाशी ठेवलं होतं, ऊन पडल्यावर टेबलक्लॉथवर लाल कवडसा आला. मामींनी त्याचा फोटो काढला. त्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली होती, गरोदर बायकांनी घेऊ नये. बर्फ पुरला, सहा ट्रे लागले.
नागपुरीदादा, मला आता अंबाडी लावायची आहे. कधी पेरायची? कुंडीत येईल का?

नागपुरी_संत्रं (११:४०)
जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की पेर, बोंडं थंडीत धरतील. कुंडीत येते, पण झाड पुरुषभर वाढतं, कुंडी खोल हवी. बाल्कनीत ऊन किती तास असतं? दिशा कोणती? कितवा मजला, वारा लागतो का?