क्लब हाउसच्या भिंतीला खिळे

ए-३०२ काका: नमस्कार. क्लब हाउसला दिवाळीच्या आधीच रंग दिला. आज पाहतो तर भिंतीला सतरा खिळे. ते बुजवणार कोण?

सेक्रेटरी: काका, महिला चित्रकारांचं व्यक्तिचित्रांचं प्रदर्शन आहे, शनिवार-रविवार. परवानगी घेतलेली आहे.

ए-३०२ काका: परवानगी हॉलची. खिळ्यांची नाही.

बी-१०४: गणपतीत फरशीला ड्रिल मारलं तेव्हा कोण होतं अध्यक्ष? 😀

ए-३०२ काका: तो विषय वेगळा आहे. मीटिंगमध्ये मिटलाय.

सी-२०१ काकू: खिळ्यांचं राहू द्या हो. मी हौसेने पैठणी नेसून कितीतरी दुपारी हिच्यासमोर बसले. हिने काढलं काय? मी गाऊनमध्ये तुरीच्या शेंगा सोलायलेय! माहेरचे लोक येणार आहेत उद्या.

डी-४०३ (चित्रकार): काकू, पैठणीत तुम्ही फोटोला बसल्यासारख्या ताठ व्हायच्या. शेंगा घेतल्या की तोंड सुरू, हात सुरू. मग चेहरा सापडला.

सी-२०१ काकू: हनुवटीपण दोन सापडल्या वाटतं.

बी-१०४: 😂😂

ए-५०१ सर: चित्रातल्या बाईने गोडच दिसावं असं नसतं. चित्रकार अमृता शेरगिल यांचं १९३५ चं 'थ्री गर्ल्स' बघा. तिघींपैकी एकही हसत नाही, तरी बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. पुढे त्या अजिंठा बघून गेल्या आणि त्यांची रंगवण्याची पद्धतच बदलली. त्याच्याही आधी, १९०९ ते १९११, इंग्लंडच्या चित्रकार लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याला येऊन भित्तिचित्रांच्या नकला करत होत्या. बंगालचे चित्रकार नंदलाल बोस होते मदतीला.

ए-३०२ काका: त्यांनी लेण्यात खिळे ठोकले होते का सर?

ए-५०१ सर: 🙏

डी-१०२: टँकर आला का कोणी सांगेल का?

सी-३०४: बोलू नये, पण दारासमोरच्या भिंतीवर सगळ्यात मोठं चित्र भांडीवाल्या मावशीचं? बाकीच्यांना काय वाटेल?

डी-४०३: कॅनव्हास मोठा होता, भिंतही तीच मोठी आहे. आणि मावशी पक्क्या मॉडेलसारखी बसली. तासाचे पैसे आधी ठरवून घेतले तिने.

सी-३०४: हां! म्हणजे आमच्याकडे दर वाढवून मागायलीय ती तुमच्यामुळेच!

सी-२०१ काकू: मला तर चहापण मीच करून प्यावा लागला.

डी-४०३: 🙈 एक विनंती. मुलांना चित्रांना हात लावू देऊ नका. तैलरंग वरून वाळल्यासारखा दिसला तरी आत ओला असतो. व्हार्निश द्यायला सहा-सहा महिने थांबावं लागतं. काल कोणीतरी बोट लावलंय, मावशीच्या कानाजवळ ठसा उमटलाय.

बी-१०४: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे

सी-३०४: बी-१०४, तुमचाच बंटी होता. मी गॅलरीतून पाहिलं.

बी-१०४: गॅलरीतून बरंच दिसतं तुम्हाला.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक बोलू नये. काका, रविवारी संध्याकाळी पुट्टी लावून घेतो. खर्च त्यांचा.

ए-३०२ काका: पुट्टी ठीक. रंगाची छटा जुळेल का?

ए-५०१ सर: रंग जुळवणाऱ्या बायाच आहेत ना काका सगळ्या.

ए-३०२ काका: लेखी द्यावं.

डी-४०३: आणि हो, मावशी उद्या बहिणींना आणायलीय कन्नड गावाहून, चित्र दाखवायला. म्हणून उद्या कोणाकडेच कामाला येणार नाही, तेवढं सांग म्हणाली.

सी-३०४: कोणाकडेच म्हणजे?? माझ्याकडे उद्या पाहुणे आहेत!

सी-२०१ काकू: माझ्याकडेपण!!