रोमन इतिहासकार टॅसिटसच्या 'अ‍ॅनल्स'मध्ये सेजानसचं पतन कुठे आहे?

वाचनवेडा: चौथं पुस्तक संपवलं. सम्राट टायबेरियसच्या अंगरक्षक दलाचा (प्रीटोरियन) प्रमुख सेजानस याची चढण बारकाईनं येते: विखुरलेल्या प्रीटोरियन तुकड्या त्यानं एका छावणीत आणल्या, इ.स. 25 मध्ये टायबेरियसची विधवा सून लिव्हिला हिचा हात मागितला, टायबेरियसनं गोड बोलून ते लांबवलं. पाचवं पुस्तक मात्र काही पानांतच तुटतं आणि पुढे थेट त्याच्या माणसांची धरपकड. तो पडला कसा, हे कुठे वाचायचं?

रोमायन: तो भाग हरवलाय. पहिली सहा पुस्तकं एकाच हस्तलिखितामुळे उरली आणि पाचव्याचा बहुतेक मजकूर त्यातही नाही. नंतरचा इतिहासकार कॅसियस डिओ याच्या रोमच्या इतिहासाचं 58वं पुस्तक घ्या.

18 ऑक्टोबर, इ.स. 31. सिनेटची बैठक पॅलाटाइनवर, अपोलोच्या मंदिरात. टायबेरियस काप्रीला. त्याचा माणूस मॅक्रो रात्रीच रोममध्ये येऊन कॉन्सल (दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक) रेग्युलस आणि रात्रपहाऱ्याचा प्रमुख लाको यांच्याशी सगळं ठरवतो. दुसरा कॉन्सल सेजानसच्या बाजूचा, म्हणून त्याला पत्ता लागू देत नाही. सकाळी सेजानसला दाराशी गाठून सांगतो, तुमच्यासाठी ट्रिब्यूनचे अधिकार (सम्राटाच्या सत्तेत वाटा देणारा मान) आणलेत. तो खुशीत आत जातो. बाहेर मॅक्रो प्रीटोरियनांना बक्षिसाचं आश्वासन देऊन छावणीत परत पाठवतो, त्यांच्या जागी लाकोचे पहारेकरी उभे करतो, टायबेरियसचं पत्र कॉन्सलांच्या हाती देतो आणि छावणीत बंड होऊ नये म्हणून स्वतः तिकडे निघतो.

पत्र मुद्दाम लांबलचक. आधी भलताच विषय, मग सेजानसवर बारीकसा ठपका, पुन्हा दुसरं काही, पुन्हा ठपका. अटकेचं वाक्य अगदी शेवटी. तोवर शेजारी बसलेले एकेक उठून लांब सरकलेले. रेग्युलस हाक मारतो तेव्हा सेजानस विचारतो, "मला?" त्याच दिवशी त्याला मृत्युदंड होतो.

तळटीप: हे जमलं, कारण धन्याच्या मनातलं ओळखून वागायची सवय सिनेटच्या हाडीमाशी खिळली होती. 'अ‍ॅनल्स' 1.12 (पहिलं पुस्तक, बारावं प्रकरण) पाहा. सत्ता हाती घेताना टायबेरियस आढेवेढे घेत होता; तेव्हा राज्याचा कोणता भाग घेणार, असं सिनेटर गॅलसनं सरळ विचारलं आणि टायबेरियसच्या मनात कायमचा सल राहिला. त्यात 4.30 जोडा: आरोपीनं निकालाआधी आत्महत्या केली तर फिर्यादीचं बक्षीस रद्द करावं, अशी सूचना आली होती. टायबेरियसनं फिर्यादींचीच बाजू घेतली. बक्षीस आरोपीच्या मालमत्तेतून मिळायचं, म्हणजे चुगलीला बाजारभाव आला. आणि 6.8 अजिबात चुकवू नका. सेजानसच्या मैत्रीचा आरोप असलेला टेरेन्शियस भर सिनेटमध्ये कबूल करतो की हो, मी सेजानसचा मित्र होतो, सीझरनं (म्हणजे टायबेरियसनं) ज्याला मोठं केलं त्यालाच आम्ही मान दिला. तो सुटतो, शिक्षा त्याच्या फिर्यादींना होते. माझ्या मते उरलेल्या 'अ‍ॅनल्स'मधलं सर्वांत धीट भाषण हेच.

रोमायन: एक सांभाळा. घडलेलं आणि टॅसिटसनं लावलेला हेतू वेगळा ठेवून वाचा. पुढच्या जुलमी सम्राट डोमिशियनच्या काळात, इ.स. 88 साली, टॅसिटस स्वतः प्रीटर (न्यायदानाचा वरिष्ठ अधिकारी) होता, त्यामुळे टायबेरियसवर त्या राजवटीची सावली पडते. वाचणारे बहुतेकदा अडकतात ते 4.10 मध्ये. टायबेरियसनं आपल्या हातानं मुलाला, द्रुससला, विष दिलं ही अफवा तिथे इतकी रंगवलीय की तीच डोक्यात बसते. 4.11 मध्ये टॅसिटस स्वतः ती खोडून काढतो. ही दोन प्रकरणं एका बैठकीत वाचा.