गडकोटांच्या छायाचित्रांवरील फोटोओळी वाचता येण्यासाठी काय करावे?

सह्यवाट (प्रश्न)

नमस्कार. आमच्या भटकंती मंडळाच्या मेळाव्यासाठी मी गडकोटांच्या छायाचित्रांचा स्लाइड शो पॉवरपॉइंटमध्ये तयार करत आहे. प्रत्येक छायाचित्रावर स्थळाचे नाव आणि दोन ओळींची माहिती द्यायची आहे. पांढरी अक्षरे कोकणकड्यावरच्या धुक्यात विरून जातात, काळी अक्षरे कातळात बुडतात, आणि राजगडाच्या सुवेळा माचीच्या छायाचित्रात तर निम्मी ओळ आकाशावर व निम्मी तटबंदीवर येत असल्यामुळे कोणताच रंग चालत नाही. लाल आणि पिवळा रंगही वापरून पाहिला. कार्यक्रम शाळेच्या सभागृहात प्रोजेक्टरवर होणार असून प्रेक्षकांत ज्येष्ठ सभासद बरेच आहेत. सर्व छायाचित्रांना लागू पडेल अशी एकच पद्धत कोणी सुचवू शकेल काय?

अक्षरवेल

अक्षरांचा रंग बदलत बसण्याऐवजी अक्षरांच्या मागचा भाग आपल्या ताब्यात घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डोळ्याला अक्षर वेगळे दिसते ते मुख्यतः उजळपणातील फरकामुळे. म्हणूनच हिरव्या डोंगरावर लाल अक्षरे रंगाने कितीही निराळी असली तरी वाचायला जड जातात. छायाचित्र क्षणभर कृष्णधवल करून पाहिले की हे लगेच कळते.

वेबवरील मजकुरासाठीच्या सुगम्यता निकषांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर साध्या आकाराला किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१ असावे असे सांगितले आहे, आणि तोच मापदंड येथेही उपयोगी पडतो. मजकुराच्या चौकटीला काळा रंग भरून पारदर्शकता ४५ टक्के ठेवली, तर मागचे धुके अगदी पांढरेशुभ्र असले तरी पांढऱ्या अक्षरांना सुमारे ४.७:१ गुणोत्तर मिळते. पारदर्शकता ६० टक्क्यांवर नेली की तेच गुणोत्तर तीनच्याही खाली उतरते. म्हणून सर्वांत उजळ छायाचित्र निवडून त्यावर ही काळी पट्टी ठरवावी आणि तीच सगळीकडे वापरावी.

पट्टीची कडा डोळ्यांत खुपत असेल, तर वरून पूर्ण पारदर्शक आणि खाली गडद होत जाणारा ग्रेडियंट द्यावा. मात्र तो पहिल्या ओळीच्या बराच वरून सुरू व्हायला हवा, नाहीतर तळची ओळ स्वच्छ दिसते आणि वरची धुक्यातच राहते.

शिरोरेघ

वरील उत्तराशी मी सहमत आहे; देवनागरीपुरती थोडी भर घालतो. अक्षरांना जाड बाह्यरेषा देण्याचा उपाय रोमन लिपीत बराचसा निभावतो, परंतु आपल्याकडे 'हरिश्चंद्रगड' लिहिले की जोडाक्षरातील बारीक पोकळ्या त्या रेषेने बुजतात आणि अनुस्वार शिरोरेघेत मिसळल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा पट्टीवर साधी, सावलीविरहित, किंचित ठळक अक्षरे ठेवावीत. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने घडवलेला 'मुक्त' हा मोफत फॉन्ट यासाठी चांगला आहे, कारण त्यात सात वजने (अक्षरांच्या जाडीचे टप्पे) मिळतात आणि मधले ठळक वजन निवडता येते.

दोन ओळींमधील अंतर १.२ ते १.३ पट ठेवावे, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडणार नाहीत. अक्षरांमधील अंतर मात्र अजिबात वाढवू नये. शिरोरेघ तुटते आणि शब्द एकसंध वाचला जात नाही.

छायाप्रकाश

माझे मत थोडे वेगळे आहे. उत्तम छायाचित्रावर पट्टी चढवण्याची गरज बहुतेक वेळा नसतेच. मोबाइलचे ४:३ प्रमाणातील आडवे छायाचित्र १६:९ पडद्याच्या पूर्ण उंचीला बसवून एका कडेला सरकवले, तर पडद्याची चौथाई रुंदी मोकळी राहते. त्या काळ्या पट्ट्यात फोटोओळ लिहिली की छायाचित्रही अखंड राहते आणि अक्षरेही नेहमी एकाच जागी सापडतात. कॅमेऱ्याच्या ३:२ छायाचित्रात ही जागा सुमारे १५ टक्केच उरते, त्यामुळे तेथे केवळ स्थळाचे नाव मावेल.

सह्यवाट

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मोबाइलच्या छायाचित्रांना कडेची जागा आणि उरलेल्यांना पट्टी, असे करतो. काही छायाचित्रे पडद्यावर हळूहळू सरकत जातात, तेथे पट्टी कशी ठेवावी?

अक्षरवेल

पट्टी आणि अक्षरे स्थिर ठेवून केवळ छायाचित्राला हालचाल द्यावी. अक्षरांमागून पुढे कोणता उजळ भाग सरकेल हे आधी सांगता येत नसल्यामुळे अशा स्लाइडवर ग्रेडियंटऐवजी सलग पट्टीच घ्यावी. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. सभागृहातील उजेडाने पडदा जितका उजळतो, तितकाच आपला काळा फिका होतो. त्यामुळे पडद्याजवळच्या ट्यूबलाइट बंद करण्याची व्यवस्था आधीच पाहावी, आणि ती होणार नसेल तर पारदर्शकता २५ ते ३० टक्क्यांपर्यंत खाली आणून शेवटच्या रांगेत बसून एकदा सर्व स्लाइड वाचून पाहाव्यात.